तोलाऱ्याची नोंदवही

हलच्या गोदीवर मी सव्वीस वर्षं मासळी तोलली.
कॉड, हॅडक; बर्फासकट आणि बर्फावाचून.
गोदी बंद पडली, छोटा तराजू घरी आणला,
आता त्यावर बायकोची कादंबरी तोलतो.

म्हणजे अख्खी नाही. अख्खी कुणी मागत नाही.
पहिली तीन प्रकरणं, एका पानात कथासार,
एक पत्र, त्यात स्वतःबद्दल चार ओळी
(फार नम्र नकोत, फार ताठ नकोत)
आणि परतीचा लिफाफा, तिकीट लावून,
पत्ता आपल्याच हाताने घालून.
असं लायब्ररीतल्या त्या जाडजूड यादीत दिलंय
जिच्यात लंडनचे सगळे एजंट
आडनावांच्या क्रमाने उभे आहेत, बंद दारांसारखे.

अ‍ॅव्हरिल शाळेत दुपारचं जेवण वाढते.
पत्रात तिने ते लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
मी म्हटलं, राहू दे, खरं आहे ते.
ती म्हणाली, खरं आहे म्हणून तर विचार करतेय.

कथासारात बोटीवर गेलेला नवरा
तिसऱ्याच ओळीत बुडतो.
कादंबरीत त्याला बुडायला नव्वद पानं लागतात.
मी काही विचारलं नाही.
मी तर कधी बोटीवर गेलोच नाही.

जाताना : दोनशे नव्वद ग्रॅम.
येताना : बाहेरचा लिफाफा वजा, नकाराची चिठ्ठी अधिक.
चिठ्ठी भरते जेमतेम दोन ग्रॅम.
'आमच्या यादीत बसत नाही.' 'हवी तशी पकड घेत नाही.'
'शुभेच्छा.'
एकाने तिच्याच पत्राच्या कोपऱ्यात नुसतं 'नाही' लिहिलं,
तेही पेन्सिलीने.

आणि दारात पडतो तो लिफाफा तिच्याच अक्षरातला.
लांबून वाटावं, बाईने स्वतःलाच पत्र धाडलंय.
नन्नाचा पाढा,
आणि तो गिरवायचा आपणच, वळणदार.

चौदावं पाकीट पाच ग्रॅम कमी भरलं.
पुन्हा तोललं. काटा तिथेच.
बर्फ वितळला की वजन घटतं,
कागदातलं काय वितळणार?
पानं मोजली. एकतिसावं नव्हतं.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "कुणीतरी ठेवून घेतलं असेल."
मी म्हटलं, टेबलाखाली पडलं असेल.
"ठेवून घेतलं असेल," म्हणाली, आणि टाइपरायटर ओढला.
कार्बन प्रत कपाटात होती. तिने काढली नाही.
आठवून आठवून लिहिलं,
आणि आठवताना त्या पानावर
पूर्वी नव्हता असा एक कुत्रा आला,
धक्क्यावर बसून राहिलेला,
कुणाचीही वाट न बघणारा.

पंधरावं गेलं. सोळावं.
सतरावं सिगारेटच्या वासासकट परत आलं.

परवा मंगळवारी, साडेअकराला, फोन.
लंडनची बाई, इमोजेन फॅरो, बोलणं भरभर.
"त्या कुत्र्याचं पुढे काय होतं?"
मी म्हटलं, ठाऊक नाही बुवा, मी फक्त तोलतो.
"मग उरलेली पानं पाठवायला सांगाल? सगळी.
कबूल मात्र काहीच करत नाही हं मी."
ही भाषा मला कळते. लिलावात
पाटी उचलून वास घेतला म्हणजे बोली लावली असं नव्हे.

तरी नंबर वहीत उतरवला, पान फाडलं,
आणि या गुडघ्यांनिशी शाळेपर्यंत जवळजवळ पळालो.
जेवणघरात दोनशे पोरं. मधे घुसू देईनात.
मग ताट घेतलं आणि रांगेत उभा राहिलो,
पुढे एक शेंबडी पोरगी, मागे दोघं भांडखोर,
मुठीत तो कागद, वजन नगण्य.

पाळी आली. मान वर न करता
तिने कुस्करलेला बटाटा वाढला, एक डाव,
आणि विचारलं, "वाटाणे?"

नको, मी म्हटलं.
आज वाटाणे नकोत.